हिशेब फक्त प्रेमालाच का?

राजवाड्यातली लव्हस्टोरी म्हटलं की आपल्याला दोन नावं पटकन आठवतात. अनारकली आणि मस्तानी. पहिली खरंच होती का, याबद्दल इतिहासकारांनाच शंका आहे. दुसरी नक्की होती. पण दोघींच्या गोष्टीचा साचा एकच. दरबार जिंकतो, पोरगी हरते आणि आपण थिएटरात रुमाल काढतो.

मला मात्र तिसरी एक गोष्ट जास्त आवडते. तिच्यात तलवार नाही, भिंत नाही, कैदखाना नाही. एक पत्र आहे, एक तार आहे आणि एकोणीस वर्षांची एक मराठी मुलगी आहे. शिवाय ही गोष्ट लग्नाच्या दिवशी संपत नाही. सिनेमावाले नेमके तिथे थांबतात आणि खरी भानगड तर तिथूनच सुरू होते!

मुलीचं नाव इंदिराराजे गायकवाड. जन्म १८९२, मुक्काम बडोदा. महाराजा सयाजीराव तिसरे आणि महाराणी चिमणाबाई यांची ही एकुलती एक लेक. भाऊ सगळे, बहीण एकटी. म्हणजे घरात लाड किती असतील याची कल्पना करा. राजकन्येला अहो-जाहो करायला हवं हे मान्य. पण एकोणीस वर्षांच्या, हट्टी आणि हुशार मुलीला 'त्या' म्हणायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा तूर्तास 'ती'च.

स्थळ एकदम ए-वन

इंदिरेसाठी स्थळ ठरलं होतं ग्वाल्हेरचं. महाराजा माधवराव शिंदे. आता कागदावर हे स्थळ बघा. गायकवाड आणि शिंदे ही मराठ्यांची दोन बलाढ्य राज्यं. जात तीच, भाषा तीच, तोलामोलाचा खजिना. माधवराव कर्तबगार, कामाला वाघ. ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये जेवणाच्या टेबलावर ब्रँडी आणि सिगार घेऊन फिरणारी ती चांदीची आगगाडी आपण बघतो ना, ती यांचीच हौस. इंग्रजांशी संबंध तर इतके घरोब्याचे, की पुढे त्यांच्या मुलांची नावं बादशहा आणि राणीवरून जॉर्ज आणि मेरी अशी ठेवली गेली.

आणि इथेच राजकारण येतं. सयाजीरावांचं इंग्रजांशी फारसं पटत नव्हतं. रेसिडेंटसमोर मान तुकवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं आणि राष्ट्रीय चळवळीतल्या लोकांशी त्यांचे संबंध आहेत असा सरकारला संशय होता. अशा वेळी सरकारच्या मर्जीतला, बरोबरीचा आणि सजातीय जावई मिळणं म्हणजे काय, हे कॉर्पोरेटमध्ये काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मर्जरच की!

फक्त दोन बारीक गोष्टी होत्या. नवरदेव पंधरा वर्षांनी मोठे होते आणि त्यांची एक पत्नी हयात होती. मूल नव्हतं, म्हणून दुसरं लग्न. शिवाय ग्वाल्हेरच्या राणीवशात पडदा कडक. युरोप बघून आलेल्या, इंग्लंडमधल्या शाळेत शिकलेल्या मुलीला तिथे जाऊन पडद्याआड बसायचं होतं.

दरबार आणि पत्र

डिसेंबर १९११. दिल्लीत पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला. देशभरचे राजे-महाराजे तंबू ठोकून हजर. १२ तारखेला सयाजीराव बादशहापुढे गेले, एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून परत निघाले. रीत होती तीनदा झुकून, पाठ न दाखवता मागे सरकायची. केवढा गहजब! लंडनच्या वर्तमानपत्रांनी महाराजांना राजद्रोही ठरवायचंच बाकी ठेवलं. सयाजीरावांना खुलासा पाठवावा लागला.

बापाच्या या एका पाठमोऱ्या चालीवर आजवर भरपूर लिहिलं गेलंय. पण त्याच दिवसांत, त्याच दिल्लीत, लेकही पाठ फिरवत होती.

कूचबिहारच्या तंबूत तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी होत्या. त्यांचा भाऊ जितेंद्रनारायण. वय पंचविशीच्या आत, देखणा, हसरा, गाद्यागिरद्यांची फिकीर नसलेला. फिकीर असणार कशी? तो होता धाकटा भाऊ, गादी थोरल्याची. कूचबिहारचं राज्य बंगालच्या उत्तर टोकाला, सलामी १३ तोफांची, बडोद्याची २१. घराणं मराठा तर नाहीच, वर ब्राह्मो समाजाचं. थोडक्यात, बायोडेटा पहिल्याच फेरीत बाद.

इंदिरा प्रेमात पडली. आणि मग तिने जे केलं ते मला अजून थरारक वाटतं. ती पळून गेली नाही. विष घेईन म्हणाली नाही. आईबाबांच्या पाया पडून रडलीही नाही. तिने आपल्या हाताने ग्वाल्हेरच्या महाराजांना पत्र लिहिलं, की मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. घरात कुणाला पत्ता नाही. लग्नाची तयारी जोरात चालू होती.

तिची मुलगी म्हणजे जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी. त्यांनी १९७६ साली आलेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितलाय. बडोद्याला ग्वाल्हेरहून तार आली. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, अशी विचारणा होती. कुठलं पत्र, कसलं पत्र, आईवडिलांना काहीच ठाऊक नाही. लेकीला बोलावलं गेलं. तिने कबूल केलं.

यात मला माधवरावांचंही कौतुक वाटतं. त्या काळातला एक सार्वभौम म्हणवणारा राजा, त्याला एका मुलीने नकार दिलेला, तोही सगळ्या हिंदुस्थानात चर्चा होईल असा. त्यांनी सयाजीरावांना समजुतीचं पत्र लिहिलं आणि खाली सही केली 'तुमचा मुलगा' अशी, हे गायत्रीदेवीच सांगतात. म्हणजे या गोष्टीत खलनायक नाही. नवरा मुलगा वाईट होता म्हणून तिने मोडलं, अशी सोयही नाही. तिला तो नको होता, बस्स.

सुधारणा बाहेर, सून ग्वाल्हेरची

आईवडील तरी कोण होते? सयाजीराव नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून दत्तक येऊन गादीवर बसलेले. १९०४ साली त्यांनी राज्यात बालविवाहाला बंदी करणारा कायदा केला, १९०६ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या राज्यात नेलं. आणि चिमणाबाई? भारतीय स्त्रियांच्या स्थानाबद्दल त्यांनी सहलेखकाबरोबर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झालं. हो, त्याच साली! पुढे १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा अध्यक्षा त्याच होत्या.

अशा घरात, अशा वर्षी, एकुलत्या एका मुलीला दुसरेपणावर द्यायचं ठरलं होतं. आणि तिने नाही म्हटल्यावर घरावर आभाळ कोसळलं.

याला ढोंग म्हणून मोकळं होता येईल. मला तसं वाटत नाही. मी अशा घरात वाढलेय, जिथे आंतरजातीय लग्नांवर भाषणं द्यायला बाबांना बोलावत असत. स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा तेच बाबा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर गप्प होते. ते खोटे नव्हते. माणूस जगासाठी विचार डोक्याने करतो आणि मुलीसाठी भीतीने, एवढंच. कायदा लिहिताना समोर प्रजा असते, पत्रिका छापताना नातेवाईक.

चिमणाबाईंनी शेवटपर्यंत विरोध केला. जितेंद्रला भेटायला बंदी झाली. दीड वर्षाहून जास्त काळ हे असं चाललं. चोरून चिठ्ठ्या, पाळत, अबोला. शेवटी पोरगी ऐकत नाही म्हटल्यावर आईवडील नमले, पण पूर्ण नाही. लग्न १९१३ साली लंडनमध्ये ब्राह्मो पद्धतीने झालं. माहेरचे आईवडील हजर नव्हते. त्याच साली सयाजीरावांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेला. एकाच माणसाने एकाच वर्षी दुसऱ्याच्या मुलासाठी केवढं दार उघडलं, आणि स्वतःच्या मुलीच्या मांडवात मात्र त्याला पाऊल टाकवलं नाही.

'आम्ही सांगत होतो'

सिनेमा इथे संपतो. आयुष्य नाही.

लग्नाला थोडेच दिवस झाले होते, तोच जितेंद्रचा थोरला भाऊ महाराजा राजेंद्रनारायण वारला. त्याची कथा उलटी. त्याचं नाटकातल्या एका अभिनेत्रीवर प्रेम होतं, पण महाराजाने नटीशी लग्न करायचं नाही म्हणून परवानगी मिळाली नाही. त्याने ऐकलं. लग्न केलं नाही आणि दारूत स्वतःला बुडवून घेतलं. वय एकतीस.

जितेंद्र महाराजा झाला, इंदिरा महाराणी. नऊ वर्षांत पाच मुलं. दोन मुलगे, तीन मुली. पार्ट्या, शिकारी, कलकत्ता, लंडन. मधल्या काळात बडोद्याशी दिलजमाई झाली, नातवंडं आजोळी जाऊ लागली. पण दारूने जितेंद्रलाही सोडलं नाही. डिसेंबर १९२२ मध्ये लंडनला तो गेला. वय छत्तीस. इंदिरा तेव्हा तीस वर्षांची होती आणि मुलं सगळी लहान.

आता मनातल्या मनात एखाद्या आत्याबाईंचा आवाज ऐका. 'आम्ही सांगत नव्हतो?'

हाच तो मुद्दा, ज्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतेय. आपल्याकडे ठरवून केलेलं लग्न फसलं की नशीब. पत्रिका नीट पाहिली नसेल, पूर्वजन्मीचं काही असेल, बिचारीच्या वाट्याला आलं. प्रेमाचं फसलं की मात्र तो गुन्ह्याचा पुरावा. ठरवून केलेल्या लग्नाचा कुणी ऑडिट करत नाही. प्रेमविवाहाला मात्र दर वर्षी बॅलन्सशीट सादर करावी लागते.

तर करूया ना हिशेब. सगळ्यांचाच करूया.

माधवराव शिंदे १९२५ साली पॅरिसला वारले. वय अठ्ठेचाळीस. म्हणजे इंदिरेने आईवडिलांचं ऐकलं असतं, तर ती तेहतिसाव्या वर्षी विधवा झाली असती. तीन वर्षांचा फरक! त्यासाठी बदल्यात काय, तर पडदा, सवत आणि न निवडलेला नवरा.

बडोद्याकडे बघा. रीतसर वाढलेले, रीतसर उजवलेले राजपुत्र. सयाजीरावांच्या चार मुलग्यांपैकी तिघे १९०८, १९१९ आणि १९२३ साली बापाच्या डोळ्यांदेखत गेले. म्हाताऱ्या महाराजांचं दुःख मोजायला मापच नाही. पण 'ठरवून लग्नं केली म्हणून असं झालं' असं कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणायलाही नकोच. मग जितेंद्रच्या ग्लासाचा दोष तरी इंदिरेच्या पत्रावर का टाकायचा? दारू त्या सगळ्या राजवाड्यांमध्ये होती. ती प्रेमातून आली नव्हती.

आणखी एक हिशेब. इंदिरेच्या सासूबाई सुनीतीदेवी, म्हणजे ब्राह्मो नेते केशवचंद्र सेन यांची मुलगी. हे लग्न तर शुद्ध सरकारी. लहान राजाला सुधारलेल्या घरातली बायको हवी म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी जुळवलेलं. १८७८ साली लग्न झालं तेव्हा मुलगी तेरा वर्षांची, मुलगा पंधरा. मुलीसाठी किमान चौदा आणि मुलासाठी अठरा हे वय ठेवणाऱ्या १८७२ च्या कायद्यासाठी केशवचंद्रांनीच झटून काम केलं होतं! अनुयायी संतापले, समाज फुटला, साधारण ब्राह्मो समाज वेगळा निघाला. गंमत म्हणजे त्या दोघांचा संसार चांगला झाला. तेव्हा ठरवून केलेली लग्नं फसतातच, असंही मी म्हणत नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की संसार कसा होणार हे मांडवात कुणालाच माहीत नसतं. ना आत्याबाईंना, ना रेसिडेंटला.

कुरकुरीचा हक्क

माझं स्वतःचं लग्न मी ठरवलं. जात वेगळी, जेवण वेगळं, सणवार वेगळे. बाबांचा तो गप्प आठवडा संपला आणि सगळं नीट पार पडलं. पण एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. ठरवून लग्न झालेल्या माझ्या मैत्रिणी डबा खाताना नवऱ्याबद्दल मनसोक्त कुरकुर करतात. सासूबद्दल, टीव्हीच्या रिमोटबद्दल, ओल्या टॉवेलबद्दल. घरी आईला फोन लावला की आई म्हणते, 'अगं, होईल सगळं नीट.' माझ्या तोंडून मात्र ओला टॉवेल बाहेर पडायच्या आत आतून आवाज येतो, तूच निवडलास ना? मग तो टॉवेल मी मुकाट्याने वाळत घालते आणि आईला सांगते, 'मस्त चाललंय.'

प्रेमविवाह केलेल्या माणसांना सुखी असण्याची सक्ती असते. नेहमी हसरे फोटो, नेहमी 'मेड फॉर इच अदर'. साधं भांडण झालं तरी वाटतं, आपण एका अख्ख्या पक्षाचा पराभव करतोय. टॉवेलच्या बाबतीत ही गंमत आहे. पण नवरा रोज पितो, हात उगारतो, असं काही असेल आणि तरी 'मस्त चाललंय' म्हणावं लागत असेल, तर ती गंमत राहत नाही. मुली माहेरचं दार वाजवत नाहीत, कारण आतून पहिलं वाक्य कोणतं येईल हे त्यांना पाठ असतं.

म्हणून मला इंदिरेचं पुढचं आयुष्य महत्त्वाचं वाटतं. आणि इथून पुढे मात्र अहो-जाहो.

महाराणी मा

नवरा गेला तेव्हा वारस सात वर्षांचा होता. इंदिरादेवींनी राज्याचा कारभार हातात घेतला आणि १९३६ साली मुलगा सज्ञान होऊन गादीवर बसेपर्यंत तो पाहिला. विधवेने पांढऱ्या पातळात कोपऱ्यात बसायचं असतं, हे त्यांनी मनावर घेतलं नाही. पांढरं नेसल्या, पण फ्रान्समधून आलेलं शिफॉन. आपल्याकडच्या शिफॉनच्या साडीच्या फॅशनचं श्रेय सर्रास त्यांना दिलं जातं. बूट इटलीत साल्वातोरे फेरागामोकडून बनवून घेत, त्यातल्या एका जोडाला हिरे-मोती जडवलेले. जुगार खेळत, पार्ट्या देत, लोक नावं ठेवत. त्यांनी कुणाला खुलासा पाठवला नाही.

त्यांची एक कसोटी मात्र मोठी मजेशीर झाली. मधली मुलगी गायत्री जयपूरच्या महाराजा मानसिंहांच्या प्रेमात पडली. मानसिंहांची आधीची दोन लग्नं झालेली, दोन्ही जोधपूरच्या राजकन्यांशी, आणि त्या दोघी नात्याने आत्या-भाच्या. राजकीय लग्नाचं यापेक्षा अस्सल उदाहरण शोधून सापडणार नाही. जिने दुसरी बायको व्हायला नकार दिला, तिचीच मुलगी तिसरी बायको व्हायला निघाली होती!

इंदिरादेवींना ते पसंत नव्हतं. त्यांनी थांबायला लावलं, मुलीला परदेशी शिकायला पाठवलं, वेळ काढला. आईची काळजी त्यांनाही चुकली नाही. पण मुलगी ठाम आहे हे दिसल्यावर १९४० साली कूचबिहारमध्ये लग्न लावून दिलं, स्वतः उभं राहून. लंडनच्या लग्नात जी जागा रिकामी होती, ती या लग्नात त्यांनी रिकामी ठेवली नाही.

मला वाटतं, प्रेमविवाहाचं यश मोजायचंच असेल तर ते असं मोजावं. नवरा किती वर्षं टिकला यावर नाही, पाच मुलं झाली की दोन यावर नाही. ज्या माणसाला एकदा स्वतःची निवड करू दिली, किंवा ज्याने ती हिसकावून घेतली, ते माणूस पुढच्याला किती जागा देतं, यावर.

इंदिरादेवी १९६८ साली मुंबईत वारल्या. कूचबिहारचं राज्य त्याआधीच, १९५० साली पश्चिम बंगालचा एक जिल्हा झालं होतं. बडोदा, ग्वाल्हेर, तोफांच्या सलाम्या, सगळं गेलं. ज्या मोठमोठ्या राजकीय कारणांसाठी एका मुलीने मन मारायला हवं होतं, ती कारणं चाळीस वर्षंसुद्धा टिकली नाहीत. आपल्या घरातल्या 'लोक काय म्हणतील'चं आयुष्य तर त्याहूनही कमी असतं.

तेव्हा ज्यांच्या घरी सध्या असलं काही चाललंय, त्यांच्यासाठी एवढंच. होकार असो की नकार, पत्र आपल्या हाताने लिहा. आणि तुम्ही पत्र मिळणाऱ्यांच्या बाजूला असाल, तर लेकीला आजच सांगून ठेवा, की उद्या काहीही झालं तरी आम्ही हिशेब मागणार नाही. दार वाजव, आम्ही उघडू.